झिजलेल्या नावांची झाडं

परभणीकडच्या बोलीत 'रान' म्हणजे जंगल नव्हे. "बाबा रानात गेलेत" असं घरातलं पोरगं सांगतं तेव्हा बाबा तुरीला पाणी द्यायला किंवा कापूस वेचायला गेलेले असतात. पुण्या-मुंबईचा पाहुणा इथे एकदा तरी फसतो. शब्दाचा प्रवास मात्र सरळ आहे. संस्कृतातलं 'अरण्य' प्राकृतात 'रण्ण' झालं, जोडाक्षर सैल पडलं, आधीचा स्वर लांबला आणि हाती 'रान' उरलं. आरंभीचा 'अ' गाळून टाकायची ही खोड जुनीच. विहिरीवरचा 'अरघट्ट' असाच डोकं गमावून 'रहाट' झाला आणि 'अरिष्टक' झाला 'रिठा'. पण 'रान'मध्ये आवाजाइतकाच अर्थही सरकला. गोदावरी, दुधना, पूर्णेच्या काठची काळी जमीन नांगराखाली आली, झाडी हटली, पिकं उभी राहिली. नाव बदलायची गरज कुणाला वाटली नाही. आजही शेतकरी रोज सकाळी अरण्यात जातो आणि संध्याकाळी घरी येतो.

ह्या रानाला 'गाव' जोडला की 'गावरान' तयार होतो. 'गावठी' आणि 'गावरान' ह्या दोन शब्दांची जात एक, नशीब वेगळं. गावठी म्हटलं की नाक मुरडलेलं दिसतं. गावरान म्हटलं की भाव वाढतो. गावरान बोरं, गावरान आंबा, गावरान कोंबडी, गावरान तूप. बाजारात 'देशी' शब्दाला ती चव नाही. नुसतं "देशी द्या" म्हणून पाहा, वेगळीच बाटली पुढे येईल.

तरी 'देशी'चं कूळ मोठं आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने 'देशीनाममाला' हा कोश केला. ज्या प्राकृत शब्दांचं मूळ संस्कृतात नेऊन दाखवता येत नाही, ते त्याने त्यात गोळा केले. व्याकरणात शब्दांची वर्गवारी ठरलेली आहे: जसाच्या तसा आलेला तो तत्सम, झिजून आलेला तो तद्भव, मातीतला तो देशी, बाहेरून आलेला तो परभाषी. झाडांचीही हल्ली अशीच विभागणी करतात. देशी, विदेशी, आक्रमक. एकाच माणसाला दोन्ही विभागण्या ठाऊक असल्या की त्याची समजूत होते की त्या एकमेकींवर बरोबर बसतील. झाडाचं नाव देशी, म्हणजे झाड देशी.

ही समजूत एका मित्राची होती. वसमत रोडकडे त्याने प्लॉट घेऊन घर बांधलं. (आमच्याकडे घर 'प्लॉटवर' असतं, 'वाड्यात' राहणारे संपत आले, आणि ढाळज, परस, न्हाणी हे शब्दही त्यांच्याबरोबर निघाले आहेत.) कंपाउंडच्या आत सगळीकडे फरशी टाकायचा मोह त्याने टाळला आणि मला म्हणाला, "फक्त आपलीच झाडं लावायची, बाहेरचं एक नको. यादी दे." मी म्हटलं, तूच कर. त्याने अर्ध्या तासात केली. पहिली चार नावं होती सीताफळ, रामफळ, सदाफुली आणि निशिगंध.

चारही नावं ऐकायला कशी सोवळी! आणि चारही झाडं परदेशी. सीताफळ, रामफळ अमेरिका खंडातली. निशिगंध मेक्सिकोतला, त्याचंच दुसरं नाव 'गुलछडी'. त्यात फारसी 'गुल'ला आपली 'छडी' लागली आहे. सदाफुली मादागास्करची. सीताफळाचं नाव इतकं चपखल बसलं की त्यामागे वनवासाची कथा आली, जोडीला रामफळ आलं आणि अलीकडे रोपवाटिकांतून लक्ष्मणफळ आणि हनुमानफळही मिळू लागलं. सगळं रामायण अमेरिकेहून आणून वसवलं आहे. दसऱ्याला दारावर लावायचा झेंडूही मेक्सिकोचा, हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. एका बैठकीत माणसाने किती सोसावं?

पण त्या यादीने मला एक खूण सापडली. 'सीता-फळ', 'सदा-फुली', 'निशि-गंध', 'सु-बाभूळ', 'गाजर-गवत', 'गुल-मोहर'. ह्या नावांचा सांधा उघडा दिसतो. दोन ओळखीचे शब्द शेजारी ठेवून कुणीतरी नाव घडवलं, आणि ते फार वर्षांपूर्वी नव्हे, कारण सांध्यावर अजून गंजही चढलेला नाही. आता दुसरीकडे पाहा. वड, उंबर, कवठ, बेल, बोर, आवळा, पळस. ह्यांत कुठे सांधा आहे? मराठी माणसाला ह्या नावांत फोड करण्यासारखं काही दिसत नाही. वटाचा वड, उदुंबराचा उंबर, कपित्थाचं कवठ, बिल्वाचा बेल, बदराचं बोर, आमलकाचा आवळा, पलाशाचा पळस. प्रत्येक नाव शेकडो पिढ्यांच्या तोंडातून जाऊन गुळगुळीत झालेलं आहे. 'उदुंबर' चार अक्षरांचं होतं, तीन उरली. 'बदर'मधला 'द' तर कुठे सांडला पत्ताच नाही. नाव झिजायला झाड रोज डोळ्यांसमोर असावं लागतं. जे झाड रोज हाकेत येत नाही त्याचं नाव पोथीत कडक इस्त्रीचं राहतं.

म्हणून मी मित्राला ढोबळ नियम दिला: सांधा दिसला तर संशय घे, नाव झिजलेलं असेल तर लाव.

नियम सांगून झाला आणि चिंच आडवी आली.

'चिञ्चा'पासून आलेली 'चिंच' झिजलेलीच म्हणायची. मराठवाड्यात चिंचेखाली बाजार भरतात, पारावर पंचायती होतात. गंगाथडीच्या जुन्या गावांत चिंच नाही असं होत नाही. तरी वनस्पतिशास्त्र सांगतं की तिचं मूळ उष्णकटिबंधीय आफ्रिकेत. ती इतक्या पूर्वी इथे आली की अरबांना ती इथलीच वाटली. त्यांनी तिला 'तमर हिंदी' म्हटलं, म्हणजे हिंदचा खजूर, आणि त्याचंच 'टॅमरिंड' होऊन युरोपभर पसरलं. इंग्रज ज्याला टॅमरिंड म्हणतो त्यात हिंद अजून दडून बसला आहे. म्हणजे माझा नियम दुरुस्त करायला हवा. झिजलेलं नाव झाडाचा जन्म सांगत नाही, मुक्काम सांगतं. आणि घराभोवती झाड लावणाऱ्याला मुक्काम कळला तरी पुष्कळ आहे. दोन हजार वर्षं इथल्या उन्हात, इथल्या काळ्या मातीत, इथल्या पाखरांच्या शेजारात काढलेल्या झाडाचा जन्मदाखला मागायला मी काही तलाठी नाही.

दुसरी अडचण नावं उसनी घेणाऱ्यांची. मराठवाड्यात पेरूला 'जांब' म्हणतात, बोलताना 'जाम'. हे नाव मूळचं जांभळाच्या कुळातलं, 'जंबु'चं. अमेरिकेहून पेरू आला, गोल हिरवं फळ पाहून आमच्या लोकांनी त्याला घरातलंच नाव देऊन टाकलं. परभणी तालुक्यात जांब नावाचं गाव आहे. तिथल्या नावात पेरू असेल असं मला वाटत नाही, जांभूळच असावं. मिरचीचं तेच. 'मरिच' म्हणजे मिरी, ती इथली. तिच्या नावाला 'ची' लागून परदेशी तिखट आलं आणि थोरलीला स्वयंपाकघरातून जवळजवळ हुसकावून बसलं. निवडुंगाचंही तेच. नाव इथल्या काटेरी, चिकाच्या झुडपाचं. पुढे अमेरिकेतला चपट्या फडांचा प्रकार आला आणि 'फड्या निवडुंग' झाला.

इथे मात्र आणखी एक खूण मिळते: विशेषण कुणाला लागतं ते पाहावं. बाभूळ नुसती 'बाभूळ' असते. बाहेरून आलेल्या तिच्या नावाच्या सख्यांना विशेषण घेऊन फिरावं लागतं. एक 'सुबाभूळ', दुसरी 'येडी बाभळ'. एकीला वनीकरण करणाऱ्यांनी 'सु' दिला, दुसरीला लोकांनी येडी ठरवलं. दोघी अमेरिका खंडातल्या. येडीला 'विलायती बाभूळ'ही म्हणतात, आणि तिच्याबरोबर 'विलायती चिंच' आहेच. हा 'विलायत' अरबीतला, अर्थ प्रांत किंवा राज्य. मोगल अमदानीत तो परमुलखासाठी रूढ झाला, पुढे खास इंग्लंडसाठी. गंमत म्हणजे इथल्या गोऱ्या शिपायांनी तोच शब्द 'बिलायती' असा उचलला आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांतून मायदेशाला 'ब्लायटी' म्हणू लागले. ज्या शब्दाने आपण परकं झाड ओळखतो, त्याच शब्दाने इंग्रज सैनिक घराची आठवण काढत होता.

विशेषणाची ही खूण लिंबाला लावली की मराठवाडा आणि उरलेला महाराष्ट्र वेगळे पडतात. पुस्तकी मराठीत 'कडुनिंब' किंवा 'कडुलिंब'. परभणीत नुसता 'लिंब'. "लिंबाखाली गाडी लाव" म्हटलं की कुणी लिंबूवर्गीय फळबाग शोधत नाही. पाडव्याला गुढीला बांधतात तो लिंबाचा पाला. भाजीत पिळतात ते लिंबू. 'निंब'चा 'लिंब' झाला ह्यात अशुद्ध काही नाही. 'नवनीत'चं 'लोणी' ज्या वाटेने झालं तीच ही वाट, आरंभीचा 'न' जाऊन 'ल' आला. शाळेतल्या बाई 'कडुनिंब' लिहायला लावतात तेव्हा त्या मुलांना शुद्ध मराठी शिकवत नसतात, फक्त दुसऱ्या गावची मराठी शिकवत असतात. आणि जिथे हे झाड सगळ्यांत जास्त आहे तिथे त्याला ओळखीसाठी 'कडू' लावावं लागत नाही, हे मला पुरेसं बोलकं वाटतं. त्याचं शास्त्रीय नावही पाहण्यासारखं आहे. 'अझाडिरॅक्टा इंडिका'. ते लॅटिन वाटतं, पण आत फारसी 'आझाद दरख्त' आहे, म्हणजे मुक्त वृक्ष. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या जिल्ह्याला हे नाव भाषांतराशिवाय कळायला हरकत नाही.

बागेच्या व्यवहारात तर ही फारसी-अरबी जागोजाग आहे. 'बाग' फारसी, 'बगीचा' हे तिचंच लहानगं रूप. सातबाऱ्यावरचं 'बागायत' त्याच घरातलं आणि 'जिरायत' अरबी 'जिराअत'मधून, म्हणजे शेती. जालन्यात गांधी चमन आहे. 'चमन' हा आमच्या भागातला शहरी बागेचा शब्द. परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ सालची. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. तिथल्या पाटीवर ह्या विद्येला 'उद्यानविद्या' म्हणतात, शेतकरी 'बागाईत' म्हणतो, पोरं 'हॉर्टी' म्हणतात. 'उद्यान'चा मूळ अर्थ बाहेर निघणं. राजे-रजवाडे गावाबाहेर फिरायला जात ती जागा. म्हणून घरापुढच्या पाच-सहा झाडांना उद्यान म्हणणं मला जरा जड वाटतं. त्यासाठी बाहेर जावं लागत नाही.

आणि 'कलम'! झाडावर कलम करतात तोही अरबी शब्द, लेखणीचा, आणि त्याच्याही मागे ग्रीक 'कालामोस', म्हणजे बोरू. लेखणी तासताना जसा तिरपा काप देतात तसाच डोळा किंवा फांदी बांधताना देतात. आमच्याकडे आंबा एक तर 'गावरान' असतो नाहीतर 'कलमी'. म्हणजे एक न लिहिलेला आणि एक लिहिलेला.

शब्दांचंही कलम होतं, आणि त्याची दोन उदाहरणं एकाच कुंपणावर चढलेली सापडतात. पहिली गुळवेल. लिंबावर चढलेली ही वेल चवीला जहर कडू. तिच्यात गूळ कुठला? संस्कृतात ती 'गुडूची'. नाव झिजत गेलं, 'गुड'चा 'गुळ' ऐकू येऊ लागला, उरलेल्या शेपटाचा अर्थ लागेना. मग लोकांनी ते शेपूट कापून तिथे 'वेल' बसवली. दुसरी बोगनवेल. १७६७ साली रिओ द जानेरोच्या किनाऱ्यावर फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ कोमर्सनने हे झुडूप गोळा केलं आणि गलबताचा कप्तान बुगँव्हिल ह्याचं नाव त्याला मिळालं. (कोमर्सनचा मदतनीस म्हणून जहाजावर असलेला तरुण प्रत्यक्षात पुरुषवेशातली जान बारे होती, पृथ्वीप्रदक्षिणा केलेली ती पहिली स्त्री मानली जाते.) 'व्हिल' म्हणजे फ्रेंचमध्ये गाव. मराठी कानाला त्यात गाव कशाला ऐकू येईल? झाड भिंतीवर चढतंय, फुलतंय, मग ते 'वेल'च. बोगनवेल. बुगँव्हिलच्या आडनावाला आम्ही मराठी फांदी बांधली आणि ती अशी धरली की आता जोड दिसत नाही. एक वेल इथली, एक ब्राझीलची. दोघींच्या नावातली 'वेल' मागाहून लावलेली. माझा सांध्याचा नियम इथे दोन्ही बाजूंनी आपटतो.

तरी ह्या सगळ्या बनावांत मला सर्वांत आवडतं ते 'गिरिपुष्प'. बांधावर हिरवळीच्या खतासाठी लावतात ते ग्लिरिसिडिया. थंडी सरली की निष्पर्ण फांद्यांवर फिकट गुलाबी तुरे येतात. मध्य अमेरिकेतलं हे झाड. कुणा सुसंस्कृत माणसाने 'ग्लिरि'त 'गिरि' ऐकला, फुलं पाहिली आणि कालिदासाला शोभेल असं नाव करून टाकलं. लॅटिनमधला अर्थ मात्र असा: 'ग्लिस' म्हणजे उंदराच्या जातीचा एक प्राणी, आणि 'सिडिया'त त्याचा खून. त्या झाडाचा तिकडे उंदीर मारण्यासाठी उपयोग करत. आमच्या शेतकऱ्यांत त्याचं दुसरं नाव चालतं, 'उंदीरमारी'. लॅटिन न शिकता त्यांनी अचूक भाषांतर केलं, आणि पंडिताने अर्थ सोडून आवाज धरला. दोन्ही नावं एकाच बांधावर नांदतात. कुणाचं बरोबर, हे मी ठरवणार नाही. पण रोपं आणायला जाताना मी उंदीरमारी मागतो.

उलट दिशेचा प्रवासही आहे, त्याची आपण फुशारकी मारत नाही. ओढ्याकाठची निरगुडी, संस्कृत 'निर्गुंडी', पाय मुरगळला की जिचा पाला शेकायला घेतात ती. युरोपी अभ्यासकांनी हे नाव 'नेगुंडो' असं लिहून घेतलं आणि ते तिच्या शास्त्रीय नावात बसलं: 'व्हायटेक्स नेगुंडो'. पुढे उत्तर अमेरिकेतल्या एका मेपलची पानं निरगुडीसारखी बोटं फुटलेली दिसली म्हणून लिनियसने त्या मेपललाही 'एसर नेगुंडो' म्हटलं. कॅनडाच्या बर्फात उभं असलेलं झाड निरगुडीचं नाव घेऊन उभं आहे. परभणीत कुंपणाला ती फुकट येते, गुरं तिला तोंड लावत नाहीत, आणि लोक रोपवाटिकेतून पैसे देऊन दुरंता आणतात.

'रोपवाटिका' म्हटलं की आठवतं, 'वाटिका' हा शब्द मराठीत दोनदा राहतो. एकदा कडक तत्सम म्हणून पाटीवर, आणि एकदा झिजून 'वाडी' म्हणून गावोगाव. जुन्या घराच्या मागच्या अंगाला जे होतं त्याचे सगळेच शब्द असे लांबून आलेले. 'आड' हा 'अवट'चा, म्हणजे खड्डा किंवा विहीर. 'खुरपं' तर 'क्षुरप्र'. संस्कृतात ते वस्तऱ्यासारख्या धारेच्या बाणाचंही नाव आहे. एकेकाळी रणात चालायचं ते आता तणात चालतं. आणि झाडाभोवतीचं 'आळं' म्हणजे 'आलवाल'. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात कण्वाच्या आश्रमात शकुंतला आणि तिच्या सख्या झाडांना पाणी घालतात तेव्हा जी भरतात ती हीच आळी. शब्द आणि काम, दोन्ही तसंच राहिलं. पाणी मात्र आता टँकरचं असतं.

आळ्याबद्दल एक व्यवहाराची गोष्ट, कारण ह्या चुकीने परभणीत बरीच रोपं मरतात. आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून पाणी धरते. मुरमाड माळावर जे आळं रोपाला जगवतं तेच काळीत आषाढात त्याला बुडवतं. म्हणून रोप थोडं उंचवट्यावर लावावं, आळं उन्हाळ्यासाठी ठेवावं आणि मृग लागला की त्याचा कड एका बाजूला फोडून द्यावा. लिंब, बाभूळ, बोर, हिवर ह्यांना हे लाड लागत नाहीत. त्यांनी ह्या जमिनीशी कधीच जमवून घेतलं आहे.

कुठलं झाड कुठे जमवून आहे हे पाहायला कोशापेक्षा गावांची यादी बरी. आपल्याच जिल्ह्यात जिंतूर तालुक्यात बोरी, पाथरी तालुक्यात बाभळगाव आणि लिंबा, गंगाखेड तालुक्यात पिंपळदरी. नृसिंहाच्या पोखर्णीत तर पाणवनस्पती आहे: 'पुष्करिणी', म्हणजे कमळांचं तळं, त्याची पोखरणी. गुलमोहराच्या नावाची कॉलनी सापडेल, अपार्टमेंट सापडेल. जुनं गाव सापडायचं नाही. अर्थात गावांच्या नावांत फार रमू नये, तिथे घसरायला जागा आहे. पाथरी ही पावसाळ्यात रानात उगवणारी पालेभाजी, आणि पाथरी हे तालुक्याचं गाव. पण गावाचं जुनं नाव 'पार्थपूर', ज्ञानराज ह्या ज्योतिष्याने सोळाव्या शतकाच्या आरंभी 'सिद्धांतसुंदर' लिहिलं ते तिथे. भाजीचा संबंध नाही. संस्कृतात भोकराला 'शेलू' म्हणतात हे वाचून सेलूच्या माणसाला आनंद होईल, पण आवाज जुळला म्हणजे नातं जुळलं असं नव्हे. असं मानलं तर बुगँव्हिलही मराठी वेलच ठरेल.

शेवटी मित्राच्या प्लॉटवर काय गेलं? वड, पिंपळ, उंबर तिघांनाही मी हात जोडले. भिंतीपासून दहा फुटांवर ती लावणं म्हणजे पुढच्या पिढीला गवंडी नेमून देणं. पुढच्या बाजूला बहावा. कोपऱ्यात बेल. न्हाणीच्या पाण्यावर कढीलिंब आणि शेवगा. कुंपणाला निरगुडी आणि अडुळसा. हा 'आटरूषक'चा अडुळसा, जिभेने इतका वळवलेला की ओळख पटायला वेळ लागतो. खिडकीशी जुई, 'यूथिका'ची. तिच्या शेजारी मोगरा, 'मुद्गर'चा, कारण कळी हातोड्यासारखी टपोरी. फाटकावरची बोगनवेल वहिनींनी काढू दिली नाही. "भाऊजी, तुमचं देशी-विदेशी रानात न्या, ही राहू द्या," एवढंच त्या म्हणाल्या. राहिली. दुसऱ्या पावसाळ्यात बहाव्याची पानं अळ्यांनी कुरतडलेली पाहून मित्र फवारणीचा पंप घेऊन निघाला होता. त्या पिवळसर पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या, त्यांना बहावा, तरोटा, तरवड असलीच पानं लागतात. गुलमोहराकडे त्या ढुंकून पाहत नाहीत. पंप परत गेला.

राहिला तरवड. यादीत तो मी हट्टाने घातला होता. बांधावर, माळावर, रेल्वेच्या कडेला पिवळ्याधमक फुलांनी भरणारं झुडूप. सालीने कातडी कमावतात, दुष्काळात ज्याचं पानही हलत नाही. कोशात त्याला 'तरवट' असं संस्कृत रूप दिलेलं आहे, पण माझ्या मते हे उलटं झालं आहे. लोकांच्या तोंडचं नाव पंडितांनी उचलून संस्कृताच्या पंगतीला बसवलं. हेमचंद्राच्या अर्थाने मला हे खरं देशी नाव वाटतं. सीमेपलीकडे तेलुगूत हाच 'तंगेडु'. बतुकम्माच्या सणात तेलंगणात ही फुलं रचतात आणि ते त्या राज्याचं राज्यपुष्प आहे. परभणीत आणि तेलंगणात एकेकाळी राज्य एकच होतं, फुलही एकच. तिकडे त्याला मान मिळाला, इकडे ते बांध साफ करताना जेसीबीखाली जातं.

रोपवाटिकेत विचारलं तेव्हा माळी हसला. "साहेब, तरवड कोण इकत घेतंय? बांधावरून उपटून न्या की."

उपटून जगत नाही. त्याचं सोटमूळ खोल जातं आणि काढताना तुटतंच. शेंगा वाळल्या की बी घ्यायचं, टरफल कठीण असतं म्हणून कढत पाण्यात टाकून रात्रभर तसंच ठेवायचं, आणि पहिला पाऊस चांगला मुरला की जिथे कायम ठेवायचं तिथेच दोन-तीन बिया टाकायच्या. पिशवीत नको. मित्राने माझ्यासमोर दोन दाणे टाकले आणि बाकीची मूठ फाटकाबाहेर, महापालिकेच्या गटाराच्या कडेला फेकली. तिथली उगवली आहेत.